भाडेकरूची पडताळणी होते, खोलीची कधी?
पुण्याच्या महापालिका आयुक्तांना एका घरमालकिणीचे खुले पत्र

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका.



मी नारायण पेठेत राहते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, तेव्हा सासरचा जुना वाडा पडला आणि त्याच जागेवर सासऱ्यांनी नंतर दुमजली घर बांधले. त्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही मुलींना कॉट बेसिसवर जागा देतो. कुणी एमपीएससीची तयारी करणारी, कुणी सीएच्या आर्टिकलशिपला आलेली, कुणी पहिल्याच नोकरीवर रुजू झालेली. लातूर, बीड, नंदुरबार, यवतमाळ अशा ठिकाणांहून त्या येतात, दोन-तीन वर्षे राहतात आणि जातात. हा आमच्या घरच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे, हे आधीच सांगते. कारण ज्या व्यवसायावर बंधन आणा असे मी म्हणणार आहे, तो माझाच व्यवसाय आहे.

माझी मागणी एकच आहे. पुणे शहरात कॉट बेसिसवर, पेइंग गेस्ट म्हणून किंवा खासगी हॉस्टेल चालवून जागा देणाऱ्या प्रत्येक घरमालकाला महापालिकेचा परवाना सक्तीचा करावा, आणि जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तो देऊ नये.

आज काय होते ते पाहा. माझ्याकडे नवी मुलगी राहायला आली की मी पोलिसांच्या संकेतस्थळावर तिचा फोटो, आधार क्रमांक, गावचा पत्ता अशी सगळी माहिती भरते. ती भरली नाही तर घरमालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. मग लिव्ह अँड लायसन्सचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही अशी समजूत आमच्या पेठेत अजून घट्ट आहे. ती चुकीची आहे. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. त्यानंतर आपला मिळकतकर विभाग. घरमालक स्वतः राहत असेल तर करात ४० टक्के सवलत. ही सवलत १९७० पासूनची, मध्ये काढून घेतली गेली आणि २०२३ मध्ये परत मिळाली. ती टिकवायची तर पीटी-३ अर्ज भरून ‘मी स्वतः राहतो’ याचे पुरावे द्यावे लागतात. भाड्याने दिलेल्या भागाला ती मिळत नाही. शेवटी जीएसटी: जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने माणशी महिना वीस हजार रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान नव्वद दिवसांच्या निवासाला करातून सूट दिली. म्हणजे माणशी पैसे घेऊन जागा देणे हा वेगळा व्यवसाय आहे, हे दिल्लीपर्यंत सगळ्यांना मान्य आहे.

एका मुलीच्या राहण्याची नोंद अशी पोलिसांकडे आहे, नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे आणि निम्मीअर्धी आपल्याकडेही आहे. तिचे नाव, गाव, अंगठ्याचा ठसा, ती देणार ते भाडे, सगळे सरकारदरबारी पोचले आहे. ती ज्या खोलीत झोपते त्या खोलीला खिडकी आहे का, हे मात्र यांपैकी एकाही अर्जात विचारलेले नाही. जिन्याखेरीज बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, न्हाणीघरात हवा खेळते का, एका खोलीत किती कॉट आहेत, हे शहरात कोणीच विचारत नाही.

सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेतल्या गल्ल्यांमधून एकदा वर चढून पाहा. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचा ओटा फळी टाकून झाकलेला आणि त्याला लागून दोन कॉट. गॅलरी अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचांनी बंद करून तिथे आणखी एक कॉट. हॉलमध्ये प्लायवूडचे पार्टिशन घालून एकाच्या दोन खोल्या केलेल्या. त्यातल्या एकीला खिडकीच उरलेली नाही, दिवसाही दिवा लावावा लागतो. भिंतीत दोन प्लग, त्यांतून निघालेले एक्स्टेन्शन बोर्ड, त्यांवर सगळ्यांचे मोबाईल, लॅपटॉप, टेबलफॅन आणि गुपचूप वापरायची इंडक्शन शेगडी. वायरिंग मात्र एका कुटुंबाच्या वापरासाठी टाकलेले, तेही कधीकाळचे. खिडक्यांना बाहेरून लोखंडी जाळ्या वेल्ड करून टाकलेल्या, चोर येऊ नये म्हणून. आग लागली तर त्याच जाळ्यांमुळे आतला माणूस बाहेर पडू शकत नाही.

दोन गोष्टींबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण त्या कुठल्याच चर्चेत येत नाहीत.

पहिली, गॅसगिझर. विजेचे बिल वाचते म्हणून कॉट बेसिसच्या बहुतेक जागांमध्ये सिलिंडरवर चालणारा गिझर असतो आणि तो न्हाणीघरातच लावलेला असतो. न्हाणीघर छोटे, थंडी लागते किंवा शेजारच्या इमारतीतून दिसते म्हणून झडपा कागदाने बुजवलेल्या. सहा-आठ मुली एकामागून एक आंघोळ करतात आणि गिझर तासभर बंद होत नाही. आतला प्राणवायू कमी झाला की गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोके जड होते, मळमळते, आणि मग दाराची कडी काढायचेही त्राण उरत नाही. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. दोन ओळींत छापल्या जातात आणि ‘गुदमरून मृत्यू’ एवढेच कळते. यावरचा उपाय स्वस्त आहे. गिझर न्हाणीघराबाहेर लावायचा, पाइपाने गरम पाणी आत न्यायचे आणि झडपा उघड्या ठेवायच्या. आमच्याकडे तो बाहेरच्या भिंतीवर आहे आणि प्लंबरला ते काम करायला एक दुपार पुरली होती. परवाना द्यायला येणाऱ्या माणसाने फक्त एवढे जरी पाहिले, तरी जीव वाचतील.

दुसरी गोष्ट रात्रीचे कुलूप. मुलींच्या हॉस्टेलांमध्ये दहा वाजले की मुख्य दाराला कुलूप लागते. पुष्कळ ठिकाणी ते बाहेरून लागते आणि किल्ली घरमालकाकडे किंवा वॉचमनकडे असते. मुलींच्या सुरक्षिततेसाठी असे सांगितले जाते, आणि पालकांनाही ते ऐकून बरे वाटते. मी स्वतः दोन मुलींची आई आहे, ती काळजी मला समजते. पण ज्या इमारतीत तीस मुली झोपल्या आहेत तिला बाहेरून कुलूप लावणे हा गुन्हाच मानला पाहिजे. दार आतून बंद असावे आणि आतून, किल्लीवाचून उघडता यावे. परवान्याच्या अटींमध्ये ही अट सर्वांत वर असावी, असे माझे मत आहे.

दिल्लीत काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. १५ जून २०२३ ला मुखर्जीनगरमध्ये कोचिंग क्लासेसच्या इमारतीत विजेच्या मीटरपाशी आग लागली आणि मुले वायरी आणि दोर धरून खिडक्यांतून खाली उतरली. ती दृश्ये घरोघरी पाहिली गेली. वर्षभराने, २७ जुलै २०२४ ला, जुन्या राजिंदरनगरमध्ये तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचे पाणी घुसून यूपीएससीची तयारी करणाऱ्या तिघांचा मृत्यू झाला. त्या तळघराला परवानगी होती ती वाहने आणि सामान ठेवायला. अशा बेकायदा तळघरांविषयी एका विद्यार्थ्याने महिनाभर आधीच लेखी तक्रार केली होती. तक्रार होती, कागद होता, स्मरणपत्रेही होती. प्रत्यक्ष जागेवर जाऊन ते तळघर बंद करण्याचे काम आपले आहे, असे कोणत्याही अधिकाऱ्याला वेळेवर वाटले नाही.

पुण्यातल्या पेठा आणि राजिंदरनगर यांत फार फरक नाही. इकडेही राज्यभरातून मुले येतात, इकडेही अभ्यासिका, मेस आणि कॉट यांच्यावर गल्लीच्या गल्ली चालते. बाहेरगावच्या गरीब विद्यार्थ्याला आधार देण्याची पुण्याची जुनी रीत आहे. १९०९ मध्ये सुरू झालेले अनाथ विद्यार्थी गृह, १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी उभी केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती, या संस्थांनी मुलांच्या निवासाची जबाबदारी घेतली आणि ती नावानिशी घेतली. आता मुले इतकी वाढली आहेत की बहुतेकांचा निवास आमच्यासारख्या खासगी घरमालकांच्या हाती आला आहे. हे घरमालक कोण, किती आणि कुठे, याची एक यादीही शहराकडे नसावी, हे मला मान्य होत नाही.

इतरांनी काय केले ते सांगते. तामिळनाडूने २०१४ मध्येच महिला आणि मुलांच्या वसतिगृहांसाठी कायदा करून जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना सक्तीचा केला. बंगळुरूत जुलै २०२४ मध्ये कोरमंगलातल्या एका पीजीत शिरून एका तरुणीची हत्या झाली. पुढच्याच महिन्यात तिथल्या महापालिकेने पीजींसाठी नियम काढले: माणशी किमान ७० चौरस फूट जागा, रोज माणशी १३५ लिटर पाणी, सीसीटीव्ही, स्वयंपाकघर असेल तर अन्नसुरक्षा परवाना, आणि हे सगळे असेल तरच व्यवसाय परवाना. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१८ पासून परवान्याच्या सामायिक घरांत एका प्रौढ माणसाच्या झोपण्याच्या खोलीसाठी ठरवलेले किमान क्षेत्रफळ ६.५१ चौरस मीटर आहे, म्हणजे तेही ७० चौरस फूटच. पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम या भागाने २०१३ पासून जवळजवळ सगळ्याच खासगी भाड्याच्या घरांना परवाना लावला. भारतातून शिकायला जाणारी कितीतरी मुले तिथे ईस्ट हॅममध्ये भाड्याने राहतात. इंग्लंडमध्ये परवाना लागणारे घर परवान्याशिवाय भाड्याने दिले तर दंड होतोच, शिवाय भरलेले भाडे परत मागण्याचा मार्गही भाडेकरूला मोकळा होतो. ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे तपासणीचे अर्धे काम भाडेकरूच करतात.

नुसता कायदा पुरत नाही हेही कबूल केले पाहिजे. तामिळनाडूत परवान्याचा कायदा असताना सप्टेंबर २०२४ मध्ये मदुराईतल्या महिलांच्या वसतिगृहाला आग लागली आणि दोघी गेल्या. म्हणून मी सुरुवातीलाच लिहिले की जागा पाहिल्याशिवाय परवाना नको, आणि दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी ती पुन्हा पाहिली जावी.

आता माझ्याच शेजारच्या घरमालकांचे आक्षेप. ते खोटे नाहीत, म्हणून त्यांची उत्तरे दिली पाहिजेत.

सगळ्यात मोठी भीती तपासणी करणाऱ्या माणसाची आहे. परवाना म्हणजे आणखी एक टेबल आणि आणखी एक पाकीट, असे लोक उघड बोलतात. आणि घरात सरकारी माणूस शिरण्याची या पेठांची आठवण तर फारच कडू आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे सोजीर घरांची झडती घेत थेट माजघरापर्यंत गेले, आणि त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेल्या गोळीत झाला, हे इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत आहे. म्हणून तपासणी कशी होते, यालाही नियम हवेत. आधी लेखी सूचना द्यावी. मुलींच्या निवासात महिला अधिकारीच यावी. काय पाहायचे त्याची छापील यादी घरमालकाकडे आधीच असावी, म्हणजे ऐनवेळी नवी खोट काढता येणार नाही. यादीतल्या प्रत्येक बाबीचा फोटो त्याच वेळी नोंदला जावा आणि निकाल पंधरा दिवसांत संकेतस्थळावर दिसावा; नाकारला असेल तर कारणासह. यादी लहान आणि सर्वांना दिसणारी असली की पैसे मागायला जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप भाडेवाढीचा. खर्च वाढला की तो आम्ही मुलांवर टाकणार आणि गरीब विद्यार्थ्यालाच फटका बसणार, असे म्हणतात. यात तथ्य आहे. बारा कॉट असलेल्या फ्लॅटमध्ये सहा राहिल्या तर मालक भाडे वाढवण्याचा प्रयत्न करील. पण गिझर बाहेर घेणे, जाळीला आतून उघडणारी खिटी बसवणे, वायरिंग तपासून गळती झाल्यास प्रवाह तोडणारा स्विच बसवणे, कुलूप बदलणे, यांचा खर्च एका कॉटच्या काही महिन्यांच्या भाड्यात निघतो. शुल्क इमारतीवर न लावता कॉटवर लावा आणि अगदी नाममात्र ठेवा. घरमालक स्वतः त्याच घरात राहत असेल आणि तीन-चारच कॉट असतील, तर पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी आणि एक पाहणी पुरे. मोठी हॉस्टेले चालवणारे आणि एकेका इमारतीत शंभर जणांना ठेवणारे वेगळे. त्यांना कडक नियम लागू करा. गर्दी कमी झाल्याने ज्यांना जागा मिळणार नाही त्यांच्यासाठी महापालिकेने आणि राज्य सरकारने नवी वसतिगृहे उभी केली पाहिजेत. ती जबाबदारी पार पडलेली नाही म्हणून आजची धोक्याची खोली चालू ठेवायची, हे कारण मला पटत नाही.

एक गोष्ट घरमालकांच्या बैठकीत कोणी काढणार नाही, म्हणून मी लिहिते. जागा बघायला आलेल्या मुलाला पहिला प्रश्न आडनावाचा विचारला जातो. आडनाव ऐकले की ‘जागा कालच गेली’ असे उत्तर मिळते. ‘जागा देणे आहे’ ही पाटी मात्र तशीच लटकत राहते. बौद्ध, मातंग, मुस्लिम मुलांना हे दाराशी दाराशी ऐकावे लागते. माझ्याकडे राहिलेल्या एका मुलीने मला त्याविषयी सांगितले तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता, इतकी तिला त्याची सवय झाली होती. खासगी करारात या वागण्याला आज सहज हात घालता येत नाही. पण परवाना घेऊन केलेल्या व्यवसायाला अटी घालता येतात. जात, धर्म किंवा खाण्याच्या सवयीवरून जागा नाकारली अशी तक्रार सिद्ध झाली तर परवाना रद्द, अशी अट घाला. मला कुणाला जागा द्यायची हे ठरवण्याचा माझा हक्क गेला, असे काही जण ओरडतील. एकाच कुटुंबाच्या घरात कोण येते-जाते हा खासगी प्रश्न असेल. पाटी लावून, दलाल नेमून, कॉटचे भाडे घेऊन चाललेला धंदा खासगी राहत नाही.

डिपॉझिटबद्दल थोडक्यात. सोडून जाताना डिपॉझिट परत मिळत नाही, रंगकामाच्या नावाखाली कापले जाते, पावती नसते, ही मुलांची सर्वांत नेहमीची तक्रार आहे. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतेच ठेवले आहे आणि घरात येण्यापूर्वी मालकाने चोवीस तास आधी कळवावे असेही म्हटले आहे. तो राज्यांनी स्वीकारायचा नमुना आहे, आपोआप लागू होत नाही. महापालिकेने या दोन गोष्टी परवान्याच्या अटींमध्ये घ्याव्यात.

हे करायला कुणाची परवानगी लागेल? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने उपविधी करण्याचा अधिकार महापालिकेला दिला आहे; त्यांना राज्य शासनाची मंजुरी लागते. त्याला वेळ लागेल. पण मंजुरीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मिळकतकर विभागाकडे कुठले घर भाड्याने दिले आहे याची माहिती आहे, नोंदणी विभागाकडे करार आहेत, पोलिसांकडे भाडेकरूंच्या नोंदी आहेत. तिन्ही एका ठिकाणी मांडल्या तर एकाच पत्त्यावर दहा-दहा, पंधरा-पंधरा जणांची नोंद कुठे आहे ते लगेच दिसेल. पाहणी त्या पत्त्यांपासून सुरू करता येईल. अग्निशमन दलाची माणसे या गल्ल्या ओळखतात. मोठ्या सोसायट्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत, आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा, बी फॉर्म भरतात. पेठेतल्या दोन-तीन मजली इमारतींपर्यंत ती शिस्त पोचलेली नाही.

वेळेचेही पाहा. जून-जुलैत कॉलेजे सुरू होतात, नवी मुले येतात, जुनी खोल्या बदलतात, आणि त्या महिन्या-दीड महिन्यात शहरातल्या बहुतेक कॉट भरून जातात. एकदा मुले राहायला आली की त्यांना भर पावसात बाहेर काढून इमारत बंद करणे कुणालाच जमणार नाही, आणि ते करूही नये. पहिली पाहणी मार्च ते मे या काळात झाली पाहिजे, परीक्षा संपून जागा अर्ध्या रिकाम्या असतात तेव्हा.

म्हणून माझी विनंती आहे की परवान्याच्या उपविधीचा मसुदा येत्या उन्हाळ्याआधी मुख्य सभेपुढे ठेवावा, त्यावर विद्यार्थ्यांच्या आणि घरमालकांच्या हरकती मागवाव्यात, आणि तोवर सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी या चारही पेठांमध्ये ऐच्छिक पाहणी सुरू करावी. त्या पाहणीसाठी माझ्या घराचा अर्ज मी या पत्रासोबत आपल्या क्षेत्रीय कार्यालयात देत आहे. आपल्या अधिकाऱ्यांना काही उणीव आढळली तर ती दुरुस्त होईपर्यंत मी त्या खोलीत नवी मुलगी घेणार नाही. इतर घरमालकांनीही असे अर्ज द्यावेत.

आपली विश्वासू,
नारायण पेठेतील एक घरमालकीण